एक थेंबही नाही

"एक थेंबही नाही, मनांग," रोसेन फोनवर म्हणाली आणि माझ्या हातातली कात्री कापडात तशीच उघडी राहिली. मी विचारलं होतं तेही अगदी आडून. नवा सोफा कसा आहे, लादी पुसायला त्रास होतो का, बिको कुठं ओलंबिलं करत नाही ना. पाच आठवडे हा प्रश्न मी तोंडात धरून बसले होते आणि त्याचं उत्तर मला पाठ होतं. 'मनांग, काय करू गं, रोज सकाळी अंथरूण भिजलेलं, सोफ्याचा वास जात नाही, घेऊन जा बाई हिला.' मग मी थोडे आढेवेढे घेणार होते, माझं वय झालं, शिलाईचं काम किती पडलंय, असं म्हणणार होते, आणि पुढच्याच जीपनीत बसून तिच्या गावी, ओतोनला जाऊन माझी कुत्री माझ्या घरी परत आणणार होते. त्याऐवजी माझी धाकटी बहीण खुशाल सांगत होती, "सकाळी अंथरूण कोरडं ठणठणीत. मजेत आहे गं ती. तुझी आठवणसुद्धा काढत नाही." वर हसली. मी थोरली म्हणून मनांग आणि ती धाकटी म्हणून इंदाय, एवढंच नातं आई आम्हाला शिकवून गेली, आणि त्या नात्यात हसायचं काम नेहमी तिच्याकडे आणि हसू झेलायचं माझ्याकडे. "बरं झालं हो इंदाय," मी म्हटलं. "देवाची कृपा." आणि फोन ठेवला.

यंत्रावर बसले. शाळेच्या गणवेशाचे बावीस स्कर्ट पुढ्यात होते, चुण्या घालायच्या राहिलेले. उजवा पाय पेडलवर ठेवला, डावा पाय जमिनीवर, आणि तो डावा पाय मला एकदम उघडा वाटला. आठ वर्षं त्या पायावर बिकोची हनुवटी असायची. यंत्र जोरात पळालं की ती डोळे मिटायची, थांबलं की एक डोळा उघडून बघायची की बाई उठतेय की काय. तिची ऊब चपलेतून वर यायची. आता त्या पायावर पंख्याचा वारा लागत होता. खोटं कशाला बोलू, मी जळत होते. पन्नाशी उलटलेली, मोलोत जिच्या हातचे गणवेश निम्मी शाळा घालते अशी बाई, एका तपकिरी गावठी कुत्रीवरून जळत होते. कारण बिकोच्या गोळ्या माझ्याकडे होत्या. शिवणाच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली. ती रोसेनकडे गेली त्या दिवसापासून एकही गोळी तिच्या पोटात गेली नव्हती. आणि गोळीवाचून ती तिथं कोरडी होती. माझ्या घरात गळणारी, तिच्या घरात कोरडी!

तसं बघायला गेलं तर कुत्री रोसेनचीच. रोसेन जहाजावर कपडे धुवायला होती, प्रवाशांच्या चादरी, टॉवेल, रोज हजारांनी. नऊ महिने समुद्रावर, दोन-तीन महिने घरी. आठ वर्षांपूर्वी अशीच घरी आली असताना बाजारामागच्या गटारापाशी तिला हे पिल्लू सापडलं. गूळ घालून शिजवलेल्या चिकट भातासारखा रंग, म्हणून त्या भाताचंच नाव ठेवलं, बिको. पाच आठवडे तिला कुशीत घेऊन झोपली आणि मग बॅग भरून निघून गेली. मागं राहिलं ते मी केलं. जंत, लसी, पहिली खरूज, फटाक्यांच्या दिवसांत पलंगाखाली थरथरणं, गर्भपिशवी काढल्यावर दहा दिवस गळ्यात प्लास्टिकचं भोंगं घालून दारावर आपटणं, हे सगळं माझ्यापाशी. आणि वर्षातून एकदा रोसेन यायची. फाटकाची कडी वाजायची, आणि बिको, जी माझ्या येण्यावर फार तर शेपटी दोनदा हलवायची, ती कान मागे पाडून, कंबर लचकवत, जमिनीला पोट घासत तिच्याकडे जायची आणि तिच्या पायांशी भर फाटकात मुतायची. आनंदानं. धरवायचंच नाही तिला. लादीवर हे एवढं थारोळं. रोसेन बॅगा उंच धरून नाचायची, "अगं माझी सोनी! अगं बघा, बघा, माझ्यासाठी केलं!" आणि मग मागं वळून, "मनांग, पूस गं तेवढं, माझे बूट नवे आहेत." मी पुसायची. आठ वर्षांत मी बाजारातून, चर्चमधून, दवाखान्यातून किती हजार वेळा घरी आले असेन. माझ्यासाठी बिकोनं लादी कधी ओली केली नाही.

एकदा मी मुद्दाम परीक्षा घेतली होती. सांगायला लाज वाटते. आन्तिकेला मावसबहिणीकडे दोन दिवस राहून आले, बिकोला शेजारणीच्या हवाली करून. फाटक उघडण्याआधी मी केस नीट केले, एखाद्या पोरीसारखे. बिको आली, माझा हात हुंगला, पिशवी हुंगली आणि पिशवीत सुकी मासळी आहे हे कळल्यावर माझ्यापेक्षा पिशवीकडे जास्त बघत राहिली. लादी कोरडी. मी आत जाऊन चहा टाकला.

गेल्या जूनमध्ये ते दुसरं सुरू झालं. सकाळी तिच्या गोधडीवर हात ठेवला तर ओली. वाटलं पाणी सांडलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती दुपारची माझ्या पायावर झोपली होती, आणि माझी चप्पल कोमट झाली. बिको जागी झाली, आपल्याच मागं बघितलं, मग माझ्याकडे, आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आठ वर्षांची सुसंस्कारी कुत्री, पावसात सुद्धा फाटकापाशी जाऊन उभी राहणारी, आणि हे! मी काय करायला हवं होतं? दवाखाना. ते न करता मी आमच्याकडच्या सगळ्या बायका करतात ते केलं. आई परदेशी कामाला निघाली की तिचा अंगातला, न धुतलेला कपडा बाळाच्या उशाशी ठेवतात, म्हणजे बाळ हुडकत नाही, झुरत नाही. अर्धं गाव असंच वाढलंय, आईच्या सदऱ्याच्या वासावर. मला पक्कं वाटलं की बिको रोसेनसाठी झुरतेय. रोसेन न धुता टाकून गेलेला एक हिरवा टी-शर्ट तिच्या कपाटात तळाशी होता. तो मी काढला आणि गोधडीवर पसरला. आणि बिको त्याच्यावर जाऊन झोपली. सकाळी टी-शर्ट भिजलेला. रोज सकाळी, बरोबर तो टी-शर्ट. मी तो पिळायची, वाळवायची, पुन्हा घालायची, आणि पुन्हा भिजायचा, आणि मला वाटायचं ही मला काहीतरी सांगतेय. बाई गं, तू धूत बस, मी मात्र हिच्यासाठी रडतेय. ज्या कपड्यावर झोपली तोच भिजणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. तीन महिने मला नाही कळलं, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. माझ्या पोटदुखीला त्या टी-शर्टाचा फार आधार होता.

सप्टेंबरात तिच्या मांड्यांच्या आत लाल झालं तेव्हा नेली. डॉक्टर पालमारेस नावाची तरुण बाई, केस वर बांधलेले, एका हातानं बिकोचं पोट दाबत दुसऱ्या हातानं लिहीत होती. "जागेपणी होतं की झोपेत?" "झोपेत." "तिला कळतं?" "उठल्यावर कळतं. मग लाजते." "गर्भपिशवी काढली आहे ना? मग झालं. वय वाढलं की काही कुत्र्यांच्यात तिथला स्नायू सैल पडतो. नळाचा वायसर झिजतो ना, तसं. रोज सकाळी एक गोळी, कायमची. बंद केलीत की पुन्हा सुरू." मी विचारलं, "म्हणजे कुणाच्या आठवणीनं नाही?" ती लिहायची थांबली. "आठवणीनं?" "माझी बहीण जहाजावर असते. ती आली की ही फाटकात करते." डॉक्टरीण हसली. "ते वेगळं हो. ते आनंदाचं. त्याला गोळी नाही आणि नकोच. हे झोपेतलं आहे, याचा कुणाशी काही संबंध नाही." घरी येताना तिठ्यावर उभी राहून मी बिकोला कडेवर घेऊन पोटभर हसले. कुणाशी काही संबंध नाही! दुसऱ्या आठवड्यात गोधडी कोरडी. हिरवा टी-शर्ट मी धुऊन, इस्त्री करून कपाटात वर ठेवला.

आणि रोसेनला सांगितलं नाही. का नाही? ती दर रविवारी जहाजावरून तोंड दाखवायची, बिकोला पडद्यासमोर धरायला लावायची, आणि मी गोळीचा ग काढला नाही. सकाळी सहाला मी इबोस सोलायची, नारळाच्या पानातला तो चिकट भात, त्यातली एक चिमूट काढून त्यात गोळी दडवायची. साध्या भातात दिली तर बिको गोळी बाजूला काढून थुंकते. इबोसमध्ये दिली तर टाळूला चिकटून पोटात जाते. हे जगात फक्त मला ठाऊक होतं. तिच्या आणि माझ्यात पहिल्यांदाच असं काही होतं ज्यात रोसेन नव्हती.

जानेवारीत रोसेन कायमची आली. फाटकाची कडी, पोट घासत जाणं, थारोळं, "माझी सोनी", आणि "मनांग, पूस गं". मी पुसलं. तिनं ओतोनला लहानसं घर घेतलं होतं, पुढं चार फुटांचं अंगण, आत पांढरा सोफा. "चौदा वर्षं लोकांचं पांढरं धुतलं," ती म्हणाली, "आता माझं पांढरं." आणि फेब्रुवारीत एका सकाळी तिनं बिकोचा पट्टा हातात घेतला. "हिला नेते गं. तू किती वर्षं सांभाळलीस, आता तुला आराम." आराम! मी तोंड उघडलं. जिभेवर होतं सगळं, सकाळची गोळी, चिकट भात, कायमची, बंद केलीत की पुन्हा सुरू. मला तो पांढरा सोफा दिसला. मी म्हटलं, "हिला पंख्याखाली झोपवत जा," आणि तोंड मिटलं. रिक्षा वळेपर्यंत बिको मागच्या काचेतून बघत होती का, ते मी बघितलं नाही. त्याच दिवशी माझा निळ्या फुलांचा घरात घालायचा झगा धुण्याच्या टोपलीतून नाहीसा झाला आणि मी तो राग शेजारणीच्या पोरींवर काढला.

तर फोननंतर तीन दिवस मी त्या बावीस स्कर्टांच्या चुण्या तीनदा उसवल्या. डॉक्टरीण कशी चुकेल? पण कोरडी आहे म्हणते. म्हणजे आठवणच होती ती. माणूस मिळालं आणि सैल पडलेला स्नायूसुद्धा घट्ट झाला. इतकं प्रेम! आणि आठ वर्षं माझ्या पायावर जी हनुवटी होती ती काय होती मग? नुसती सोय? पायाची उशी? रविवारी चर्चमध्ये माझं लक्ष लागेना. आमच्या मोलोच्या चर्चमध्ये खांबाखांबाला संत आहेत आणि झाडून सगळ्या बायका. त्यांच्यातल्या कुणाचे डोळे काढले, कुणाला चाकावर घातलं. कुत्रीवरून बहिणीचा हेवा केला म्हणून एकही संत झालेली नाही. मी प्रार्थना अर्ध्यात सोडून उठले, घरी जाऊन चार इबोस फडक्यात बांधले, आणि बॉबिनांखालची बाटली पर्समध्ये टाकली. कशासाठी टाकली ते विचारू नका. ती कोरडी असली तर बाटली ओतोनच्या नदीत फेकीन, असं काहीतरी मनात होतं. रोसेनला कळवलं नाही. मला ते कोरडं अंथरूण अचानक गाठायचं होतं.

जीपनीत माझ्या शेजारी एक बाई कोंबडा घेऊन बसली होती आणि तो कोंबडा सारखा माझ्या फडक्याला चोच मारत होता. "भात आहे वाटतं," बाई म्हणाली. "कुत्र्यासाठी आहे," मी म्हटलं. "कुत्र्याला इबोस?" ती म्हणाली. "नशीबवान आहे हो!" छतावर टकटक केलं आणि उतरले.

रोसेनच्या गल्लीत वळले आणि आधी दिसल्या त्या चादरी. तिच्या चार फुटांच्या अंगणात आडव्या-उभ्या दोऱ्यांवर सहा चादरी, दोन टॉवेल, सोफ्याची पांढरी खोळ. तिला रविवारी कपडे धुताना मी जन्मात बघितलं नव्हतं. मग त्या चादरींच्या खालून बिकोचे पाय दिसले. ते थबकले. मी फाटकाची कडी काढली.

कान मागे पडले. कंबर लचकली. पोट जमिनीला घासत, हुंदक्यासारखा आवाज काढत ती चादरींच्या खालून माझ्याकडे आली, माझ्या चपलांवर मान टाकली, आणि मुतली. भर फाटकात, माझ्या पायांशी, थांबता थांबेना. माझ्या बोटांना कोमट लागलं. मी हललेसुद्धा नाही. हलले तर ते दुसऱ्या कुणासाठी होतं असं निघेल, अशी मला भीती वाटली.

"बघितलंस?" दारात रोसेन उभी होती, बाह्या दुमडलेल्या, हात साबणानं सुजलेले, डोळ्यांखाली काळं. "बघितलंस ना? माझ्यासाठी करायची ती हे." तिनं साबणाचे हात कमरेला पुसले. "मी रोज बाजारातून येते, मनांग. रोज. शेपटी हलवते दोनदा, की झालं."

"तू फोनवर म्हणालीस एक थेंबही नाही."

"मग काय सांगू? रोज सकाळी भिजवते. सोफा, पलंग, सगळं. पाच आठवडे मी चादरी धुतेय, जहाजावर बरी होते. तिला कशाला ओरडू? ती तुझ्यासाठी झुरतेय, मला कळत नाही का? तुझा झगा आणला तेव्हाच, टोपलीतून उचलून, न धुता, तिच्या अंथरुणात ठेवायला. त्याच्याशिवाय झोपत नाही मेली. आणि रोज सकाळी बरोबर तोच भिजलेला असतो. तुझा झगा!" तिनं दोरीकडे हात केला. सहाव्या चादरीच्या कडेला माझी निळी फुलं लटकत होती. "खरं सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी येऊन तिला घेऊन गेली असतीस. म्हणून नाही सांगितलं. माझा जळफळाट झाला, दुसरं काय."

इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यावर जळत होतं, आणि ती रोसेन होती. खरं सांगते, तो क्षण मला गोड लागला. मी नुसती गप्प राहिले असते तर तो माझाच राहिला असता. 'चल बिको,' म्हटलं असतं, पट्टा हातात घेतला असता, आणि रोसेननं तो दिला असता. तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं ते. तेवढ्यात बिको उलटी झाली, पोट वर करून, पंजे दुमडून, आणि तिच्या मांड्यांच्या आतली कातडी मला दिसली. लाल, सोललेली, वर पांढरी भुकटी फासलेली. रोसेननं फासलेली. पाच आठवडे ती त्या जखमेवर झोपली होती आणि औषध माझ्या बॉबिनांखाली होतं.

मी पर्स उघडली आणि बाटली तिच्या हातात दिली. "रोज सकाळी एक," मी म्हटलं. "साध्या भातात नको, थुंकते. इबोसमध्ये दडवून. झुरत नाही ती. झोपेत सुटतं, स्नायू सैल झालाय. कुणाशी काही संबंध नाही."

रोसेननं बाटली फिरवली. वरच्या चिठ्ठीवर बिकोचं नाव होतं, खाली माझं, आणि तारीख. ती जहाजावर कपड्यांवरच्या हजारो चिठ्ठ्या वाचत आलेली बाई. "सप्टेंबर," ती म्हणाली. मग, "तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मी पट्टा हातात घेतला तेव्हा?"

"तेव्हासुद्धा."

"सोफ्यासाठी?"

"सोफा भिजला की तू परत देशील म्हणून."

"तिची कातडी सोलली, मनांग." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं, एक इबोस सोलला, चिमूटभर भात काढला आणि त्यात गोळी दाबायला लागली. गोळी बाहेर डोकावत होती. मी सांगितलं, "अजून थोडा भात घे. बोटं ओली कर आधी." तिनं माझ्याकडे न बघता बोटं ओली केली. बिकोनं तिच्या हातून गोळी घेतली, टाळूला चिकटलेला भात जिभेनं सोडवत राहिली, आणि मग, आमच्या दोघींच्या मधोमध, तोंड कुणाकडेच न करता लादीवर पसरली.

रोसेन उठली. आत गेली. मला वाटलं दार लावून घेणार. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पोछा होता. फाटकातलं ते थारोळं कडांनी वाळायला लागलं होतं, मार्चचं ऊन ते.

"पूस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी केलंय."

मी पोछा घेतला नाही. दोरीवरचा माझा निळा झगा ओढून काढला, गुडघे टेकले आणि कडेकडेनं पुसायला लागले. इतक्या सावकाश मी ते कधीच पुसलं नव्हतं.